माठाला ऑइलपेंट

१ मेच्या सत्यनारायणाला आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला आणि त्याच संध्याकाळी एका सुखी घरात माझ्यामुळे भांडण लागलं, असंही ठरवून टाकलं. सत्काराची शाल पॉलिएस्टरची होती. मे महिना, डोंबिवली, आणि शाल अंगावर घेऊनच बोलायचं, कारण फोटो काढायचे होते.

सेक्रेटरींनी आठवडाभर आधीच दारात गाठलं होतं. "वहिनी, तुम्ही सायन्सच्या. लोकांचे रोजच्या आयुष्यातले प्रश्न घ्या, वीस मिनिटं उत्तरं द्या. आरती आणि प्रसादाच्या मध्ये बसवतो." अख्खी नोकरी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेली, पण सोसायटीत मी बी-विंगमधल्या वहिनीच. तरी तयारी केली. शून्य सावलीवर बोलायचं मनात होतं. आपलं राज्य सगळंच्या सगळं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण बुंध्यातच नाहीशी होते. सिंधुदुर्गात हे मेच्या सुरुवातीला घडतं, आमच्याकडे १६-१७ मेला दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, धुळ्याकडे महिन्याच्या अखेरीला. जुलैतला दुसरा मुहूर्त ढग खातात. दिल्लीकरांच्या नशिबी हे कधीच नाही. आपल्याकडे आहे आणि दिल्लीकडे नाही अशा गोष्टींची यादी करायला घेतली तर ही वर यावी. पण ते राहिलंच.

पहिले प्रश्न अपेक्षेप्रमाणे आले. आमच्या मिक्सरला वास येतो, बघता का? ग्रहणात चिरलेली भाजी टाकून द्यायची का? कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, हा प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी उत्तर ऐकून न घेता "मी तोंडात ब्रेडचा तुकडा धरते" हा उपाय सांगितला आणि टाळ्या घेतल्या. मग सी-विंगमधली एक चिमुरडी उठली. दुसरीत असेल. म्हणाली, "पंखा तीच गरम हवा फिरवतो ना? मग आपल्याला गार का वाटतं?"

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतका चोख प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला आहे. मी शाल सावरून "अगं, तुझ्या अंगावरचा घाम..." एवढं म्हणते तोच तिच्या हातातला माइक ए-विंगच्या काकांनी काढून घेतला. "लहान मुलांचं नंतर. आधी महत्त्वाचे प्रश्न होऊ द्या."

"वहिनी, मातीच्या माठात पाणी गार होतं. बरोबर?"

"बरोबर."

"आमच्यात होत नाही. का?"

काकांनी छत्तीस वर्षं टेंडरं काढण्यात घालवली. त्यांच्या प्रश्नाला नेहमी एक मुदत असते.

"माठ जुना आहे का?" मी विचारलं. जुन्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, म्हणून विचारलं.

"जुना? याच पाडव्याला आणलाय. कल्याणहून. रिक्षात मांडीवर घेऊन."

"बाहेरून ओलसर लागतो का? पाझरतो?"

"थेंब नाही!" काकांचा ऊर भरून आला. "खालचं स्टूल कोरडं ठणठणीत. आमचं काम पक्कं असतं."

मग मी समजावलं. माती स्वतः काही गार नसते. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, तिथे त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून घेतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना ५८० कॅलरी नेतं. हिशेबाने दहा लिटरच्या माठातलं जेमतेम ग्लासभर पाणी उडालं, तरी उरलेलं दहा अंशांनी उतरावं. बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून इतकं उतरत नाही, पण तत्त्व हेच.

"म्हणजे गळका माठ चांगला?"

"गळका नाही, पाझरणारा."

"टेंडरमध्ये दोन्ही एकच धरतात."

"काका, माठाला बाहेरून काही लावलंय का?"

"लावलंय म्हणजे? वारली काढली आहे सूनबाईंनी! आधी तांबड्या ऑइलपेंटचे दोन हात, त्यावर पांढरी वारली, वरून वॉर्निश. बघायला या एकदा."

समोर उत्तर ढळढळीत उभं होतं. छिद्रं बंद, झिरपणं बंद, वाफ बंद. हा माठ म्हणजे मे महिन्यात रेनकोट घालून बसलेला माणूस. मी तसं सांगितलं, अगदी हसत.

काकांनी माइक तोंडाच्या आणखी जवळ नेला. "म्हणजे चूक सूनबाईंची."

"चूक कोणाचीच नाही, ऑइलपेंटमधून पाणी..."

"नाही, स्पष्ट होऊ द्या. सगळ्यांसमोर होऊ द्या."

तिसऱ्या रांगेत सूनबाई केळीची पानं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. काकूंना माइक कधीच लागत नाही. त्या जागेवरूनच म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते, माठाला रंग लावू नये." सूनबाई म्हणाल्या, "आई, तांबडा तुम्हीच निवडलात. मी गेरूने करणार होते." काकूंनी मान फिरवून गणपतीच्या तसबिरीकडे पाहिलं. गेरूने केलं असतं तर बरंच निभावलं असतं, असं मी म्हणायला गेले आणि सेक्रेटरींनी डोळे मोठे केले.

काका मागे हटणारे नव्हते. "माझा भाऊ नागपूरला असतो. त्याच्या माठातलं पाणी दातांना झोंबतं. त्याच्याही माठावर मोर आहे!"

"मोर कशाने काढलाय?"

"ते मी कशाला विचारू?"

त्यांना सांगितलं, की नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असली, तर वाफ होऊन पाणी साधारण २५ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपल्याकडे ३४ अंश आणि ६५ टक्के असेल, तर कितीही उत्तम माठ आणा, २८च्या खाली उतरायचं नाही. हवाच आधी पाण्याने भरलेली, ती आणखी घेणार किती? म्हणून कूलर विदर्भात चालतो आणि कोकणात नुसता आवाज करतो.

"म्हणजे आता चूक डोंबिवलीची," काका म्हणाले, आणि मंडपात हशा पिकला.

इथवर मी हसले असते. पण मागून एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की मातीत पृथ्वीतत्त्व असतं, ते उष्णता खेचून घेतं, आणि हे आता नासानेही मान्य केलंय. कडकडून टाळ्या पडल्या. काका खूश झाले, कारण यात सूनबाई कुठेच नव्हत्या. काकूही खूश झाल्या. पृथ्वीतत्त्वावर ऑइलपेंटचा परिणाम होत नसावा.

मला राग टाळ्यांचा नाही. त्या चिमुरडीचा आहे, म्हणजे तिच्यासाठी आहे. पंख्याखाली गार वाटतं ते घाम उडून जातो म्हणून आणि माठात पाणी गार होतं ते पाणी उडून जातं म्हणून. काकांचं उत्तर तिच्या प्रश्नातच दडलेलं होतं, आणि ती तोवर जिन्यात चप्पल शोधत होती. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डवर प्रश्न पाठवा, उत्तर लिहून खाली सही करतो. तेव्हा पोस्टकार्ड कोणी हातातून हिसकावत नव्हतं. आमच्याकडे माइक आहे. ज्याला काही विचारायचं नसतं त्याच्याच हातात तो राहतो, आणि "यामागे शास्त्रीय कारण आहे" एवढं म्हटलं की पुढे कारण सांगावंही लागत नाही.

प्रसादाचा शिरा मात्र फर्स्टक्लास होता.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. "वहिनी, काल उगाच त्यांच्या घरात वाजलं. पुढच्या वर्षी जादूचे प्रयोग ठेवू म्हणतोय. लोकांना सायंटिफिकच आवडतं हो, पण जरा हलकंफुलकं."

मी म्हटलं, ठेवा. पण यंदा एवढं तरी करा, मेच्या मध्यावर एका दुपारी मुलांना पाच मिनिटं कंपाउंडमध्ये आणा. सावली नसते, ते बघण्यासारखं असतं.

"सावली नाही हे मलाही मान्य आहे," ते म्हणाले. "पण पार्किंगला शेड टाकायची तर सिंकिंग फंडाला हात लावावा लागेल. तुम्ही लेखी अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो."