गाडी देशी की विदेशी, आणि ती उभी किती दिवस राहते

समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाचे पैसे वऱ्हाडात आले, तेव्हापासून आमच्या भागातील चारचाकीविषयीची चर्चा बदलली आहे. पूर्वी वाद ट्रॅक्टर आधी घ्यावा की जीप, एवढ्यावरच थांबत असे. आता पारावर देशी गाडी अधिक टिकते की विदेशी, यावर तासन्‌तास बोलणे चालते. एका पक्षाचे म्हणणे असते की जर्मन आणि जपानी यंत्राला तोड नाही. दुसरा पक्ष बोलेरोचे नाव घेतो आणि पुढे ऐकून घेण्यास तयार नसतो. हे दोन्ही पक्ष वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत, असे मला वाटते. गाडी किती वेळा बिघडते, ही एक गोष्ट झाली. बिघडल्यावर ती किती दिवस उभी राहते, ही दुसरी. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्याने पहिलीचा विचार केला तरी त्याचे भागते. दारव्हा, मंगरूळपीर किंवा दर्यापूर अशा तालुक्याच्या ठिकाणापासूनही आत, खेड्यात राहणाऱ्या माणसाला मात्र दुसरीच अधिक भोवते, आणि तेथे गाडी कोणत्या देशाची आहे यापेक्षा तिचे सुटे भाग कोणत्या गावात मिळतात, हे महत्त्वाचे ठरते.

ज्या गाड्यांना आपण सरसकट विदेशी म्हणतो, त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. परदेशातून पूर्ण तयार होऊन जहाजाने येणारी गाडी फार थोड्यांच्या आवाक्यातली असते, कारण चाळीस हजार डॉलरपेक्षा महाग असलेल्या गाडीवर वर्षानुवर्षे १०० टक्के मूळ सीमाशुल्क होते आणि त्याखालच्या गाड्यांवरचे शुल्कही २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्के करण्यात आले. सुटे संच आणून येथे जुळवणी केली तर शुल्क बरेच कमी पडते, म्हणून ऑडी आणि स्कोडाची जुळवणी संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला आणि मर्सिडीजची चाकणला होऊ लागली. तिसरा प्रकार बंगळुरूजवळच्या बिडदीत बनणाऱ्या टोयोटा इनोव्हाचा किंवा चेन्नईजवळ बनलेल्या ह्युंदाई सँट्रोचा. यांची रचना जपानी किंवा कोरियन असली, तरी सुट्या भागांचा फार मोठा हिस्सा भारतातल्याच पुरवठादारांकडून येतो. पारावरच्या वादात हे तिन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकले जातात, आणि म्हणूनच तो वाद कधी मिटत नाही.

देशी म्हणवणाऱ्या गाड्यांची वंशावळ पाहिली, तर तीही सरळ नाही. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि प्रीमियर पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. महिंद्रांच्या गाड्यांची सुरुवात अमेरिकेच्या विलीज जीपची जुळवणी करण्यापासून झाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी ज्या मारुती ८०० ची पहिली चावी ग्राहकाच्या हाती पडली, ती गाडी सुझुकीची होती, आणि सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या भागांवरच उभ्या राहिल्या. आमच्याकडच्या काळी-पिवळीचे उदाहरण तर मला फार आवडते. बजाज टेम्पोच्या ज्या ट्रॅक्समध्ये शेळीसकट पंधरा माणसे बसून बाजाराला जात असत, त्यांपैकी अनेकींच्या बॉनेटखाली मर्सिडीजच्या परवान्यावर पुण्यात बनलेले ओएम ६१६ हे डिझेल इंजिन होते. जर्मन इंजिन टिकाऊ असते, हे वऱ्हाडाने असे बाजारहाटाला जातानाच अनुभवले आहे. फक्त ते जर्मन आहे, हे कोणी सांगितले नव्हते. ते टिकले याचे अर्धे श्रेय त्याच्या जाड, साध्या बांधणीला आहे आणि उरलेले अर्धे तालुक्याच्या प्रत्येक मिस्त्रीला ते डोळे मिटून उघडता येत होते, याला आहे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट या डिझेल इंजिनात सापडतो. १२४८ सीसीचे हे इटालियन इंजिन मारुतीने स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगात बसवले, टाटांनी व्हिस्टा, मांझा आणि झेस्टमध्ये बसवले, शेव्हरोलेने सेलमध्ये बसवले, आणि फियाटने स्वतःच्या पुंटो व लिनियातही तेच ठेवले. इतक्या कंपन्यांच्या गाड्या एकाच इंजिनावर धावत असल्याने त्याला गमतीने भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हटले जाई. २०२० साली बीएस-६ हे गाडीच्या धुराविषयीचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीने ते बंद केले. आता आमच्या भागात आजही चालणाऱ्या डिझायर आणि लिनिया शेजारी-शेजारी उभ्या करून पाहाव्यात. दोन्हींचे हृदय एकच आहे. इंजिनाचा एखादा नेहमीचा भाग लागला, तर बहुतेक वेळा लिनियावाला मारुतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन तो घेतो आणि त्याचे काम होते. परंतु लिनियाचा हेडलॅम्प फुटला, सस्पेन्शनचा आर्म गेला किंवा दाराची काच वर-खाली करणारे यंत्र अडकले, तर त्याला जुन्या बाजारात शोधाशोध करावी लागते, कारण फियाटने भारतातील विक्री गुंडाळली. लिनियाचा सांगाडा कमकुवत मुळीच नव्हता. माझ्या मते तो डिझायरपेक्षा भक्कम होता. तरीही आज खेड्यात भरवशाची गाडी म्हणून डिझायरच विकली जाते, आणि खेड्यातला ग्राहक येथे चुकत नाही.

देशी गाडीची बाजू घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वारंवार दुरुस्त करता येणे आणि मुळात न बिघडणे, हे दोन वेगळे गुण आहेत. ॲम्बेसेडर कोठेही दुरुस्त होत असे, परंतु तिला दुरुस्तीची गरजही तितक्याच वेळा लागत असे. १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकाविषयी तक्रारी इतक्या आल्या की टाटांना सुधारणा करून २००१ मध्ये व्ही-टू आणावी लागली, आणि व्ही-टू चालली ती त्या सुधारणांमुळेच. याउलट २००० साली आलेली टोयोटाची क्वालिस दिसायला जुनाट होती, इंडोनेशियात विकल्या जाणाऱ्या किजांगच्या जुन्या आराखड्यावर बेतलेली होती, आणि तरीही भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण ती रोज सकाळी सुरू होत असे. पुढे २००५ मध्ये इनोव्हा आली. तिचे काटे लाखांच्या वर कितीतरी फिरलेले असतात आणि मूळ इंजिन उघडलेलेही नसते, ही गोष्ट कोणताही टॅक्सीचालक सांगेल. बिघाड किती वेळा होतो एवढेच मोजायचे असेल, तर जपानी रचनेच्या गाड्यांचा हात धरणारी देशी गाडी अलीकडेपर्यंत नव्हती, असे माझे मत आहे. युरोपीय गाड्यांना मी त्या रांगेत बसवणार नाही.

याचे कारण आमच्या हवामानातही आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या आत तर हात लावता येत नाही. अनेक युरोपीय गाड्यांत थर्मोस्टॅटचे घर, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी आणि पाइपांचे जोड प्लास्टिकचे असतात; अशा उष्णतेत काही वर्षांनी ते ठिसूळ होतात आणि एके दिवशी रस्त्यात तडकतात. हा केवळ आमच्या गॅरेजमधला समज नव्हे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सचे तेल बदलण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण उष्ण आणि दमट हवेत त्यातील सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होत होता. थंड देशात उत्तम चाललेली रचना येथे तशीच चालेल, हे गृहीत धरता येत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

पाण्याची गोष्ट तर कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेली नसते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथे कूलंट कमी झाले की चालक सवयीने बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओततो. असे वर्षभर चाललेल्या गाडीचा रेडिएटर उघडलेला मी जवळून पाहिला आहे: नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा, खरखरीत थर जमलेला होता, स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर त्याचे पापुद्रे निघत होते, आणि वॉटर पंपाची पाती कडेने खाल्ली गेली होती. गाडी देशी होती की विदेशी, याचा येथे काही संबंध नाही; खारे पाणी दोघींनाही सारखेच खाते. फरक पुढे पडतो. महिंद्रांच्या जुन्या मार्शल जीपचा रेडिएटर तालुक्याला उघडून, नळ्या साफ करून, डाग देऊन संध्याकाळपर्यंत परत बसत असे. आजकालच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरला ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने मोठ्या हौसेने एक जुनी युरोपीय आलिशान गाडी आणली. कंपनीचे नाव मी येथे लिहिणार नाही. गाडी उत्तम होती. रस्त्याला अशी चिकटून चालायची की समृद्धीवर आत बसल्यावर वेग समजत नसे. ऐन तुरीच्या हंगामात तिच्या हवेच्या सस्पेन्शनमधून हवा गळू लागली आणि गाडी मागून बसली. मिस्त्री समजदार होता. त्याने सांगितले, “भाऊ, बिघाड मले सकाळीच सापडला. पार्ट कवा येईल, ते मले नोका इचारू.” भाग बाहेरच्या राज्यातून यायचा होता, पैसे आगाऊ भरायचे होते, आणि आल्यावरही तो स्कॅनरने गाडीला ओळखून द्यायला नागपूरच्या माणसाला बोलवावे लागणार होते. तोवर ती निंबाखाली उभी राहिली, आणि उंदरांनी तिचे वायरिंग कुरतडले. उंदीर बोलेरोचेही वायरिंग खातात, परंतु तेथे तालुक्याचा इलेक्ट्रिशियन दोन तासांत जोड देऊन मोकळा होतो. टायरचेही असेच आहे. बोलेरोचा पंधरा इंची टायर कोणत्याही दुकानात टांगलेला असतो. आलिशान गाडीच्या पातळ कडेच्या अठरा इंची टायरला आमच्या पांदणीतल्या एका दगडाने फुगा आला, तर तो आकार जिल्ह्याच्या ठिकाणीही लगेच मिळेलच असे नाही.

येथवर वाचून कोणी देशी गाडीचा विजय जाहीर करू नये, कारण नव्या देशी गाड्या आपले हे जुने बळ वेगाने गमावत आहेत. बीएस-६ आल्यापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. काही वेळ वेगात आणि सलग गाडी चालली तरच त्यातली काजळी जळते. आमच्याकडे गाडी घरून शेतात आणि शेतातून घरी, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चार-पाच किलोमीटर जाते. काजळी साचत राहते, दिवा लागतो, मग गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून ती काजळी जाळावी लागते. यात महिंद्रा, टाटा, टोयोटा असा भेद नाही. देशी कंपन्यांनी आता मोठे पडदे, कॅमेरे आणि सेन्सर बसवण्यात विदेशी कंपन्यांशी स्पर्धा लावली आहे. तालुक्याच्या मिस्त्रीला जी गाडी उघडता येत नाही, ती त्याच्यासाठी परदेशीच झाली. रोज शेतात जाणाऱ्याने नवीन गाडी घेताना डिझेलचा हट्ट सोडून पेट्रोलचाही विचार करावा, असे मी अलीकडे सांगू लागलो आहे.

पेट्रोलच्या बाबतीतही एक सूचना आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने मायलेज थोडे उतरतेच. पण जुन्या गाड्यांत रबरी नळ्या आणि सील यांचाही प्रश्न येतो. मारुतीची नळी बदलणे किरकोळ काम आहे. जुन्या आयात गाडीचा इंधन पंप बदलणे किरकोळ नसते.

कंपनीच देश सोडून गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. देवू बुडाली, जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फोर्डने पुढेही सर्व्हिस आणि सुटे भाग देणे चालू ठेवले, हे मान्य करावे लागेल. परंतु तालुक्याच्या दुकानदाराने त्या गाड्यांचा माल भरणे कमी केले, आणि शेवटी आपला संबंध त्याच्याशी येतो.

आज आमच्याकडे सर्वाधिक फसगत दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांत होते. तेथे २०१५ पासून दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिल्याने चांगल्या दिसणाऱ्या आलिशान गाड्या पडत्या भावात इकडे येतात. दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावल्याची नोटीस जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते, सर्व्हिसची नोंद अर्धवट असते, आणि नव्या डिझायरच्या किमतीत जर्मन गाडी मिळते म्हणून तरुण पोरे हुरळतात. अशा गाडीचा इसार देण्यापूर्वी चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिचे परत बोलावण्याचे काही काम बाकी आहे का, ते पाहावे. त्यानंतर नागपूर किंवा अकोल्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फोन करून त्या मॉडेलचा हेडलॅम्प, रेडिएटर आणि ब्रेकच्या एबीएसचे युनिट यांचा भाव विचारावा, आणि भावापेक्षाही ते आज दुकानात आहेत का, हे विचारावे. “मागवावे लागेल, अर्धे पैसे आधी टाका” असे उत्तर आले, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी ती आमच्या रस्त्यांवर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.