‘जुलैत मसाई मारा, नाहीतर पैसे पाण्यात’: या सल्ल्यात काय काय चुकतं

दरवर्षी उन्हाळा लागला की आफ्रिकेच्या सफारीबद्दलचा एक सल्ला मराठी पर्यटकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. सफारी करायची तर मसाई माराची, तीही जुलै ते सप्टेंबरमध्येच, एरवी तिथं काही नसतं. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय जनावरांचे, कळप नदी ओलांडताना दिसले नाहीत तर पैसे पाण्यात. ‘बिग फाइव्ह’ पूर्ण झाल्याशिवाय परतू नका. ड्रायव्हरला डॉलर दाखवले की तो गाडी प्राण्याच्या अगदी शेजारी लावतो, प्राण्यांना गाड्यांची सवय असते. आणि माणसाचा हात न लागलेला निसर्ग उरलाय तो इथंच. सल्ला देणारे बहुतेक स्वतः जाऊन आलेले असतात आणि त्यांनी जे पाहिलं ते खरंच असतं. पण त्यावरून काढलेला जवळपास प्रत्येक निष्कर्ष चुकीचा आहे, आणि एकाची किंमत तर तिथल्या पिल्लांना जिवानिशी मोजावी लागते.

आधी हंगामाचं. विल्डबीस्टचं स्थलांतर हा जुलैत सुरू होऊन सप्टेंबरात संपणारा कार्यक्रम नाही. विल्डबीस्ट वर्षभर पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे चालत असतात. केनियातलं मसाई मारा सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचं, तर सीमेपलीकडचं टांझानियातलं सेरेंगेटी 14,763 चौरस किलोमीटरचं. वर्षातला बराचसा काळ कळप सेरेंगेटीच्या बाजूलाच असतात. उत्तरेकडे, माराच्या दिशेनं ते येतात कोरड्या महिन्यांत, कारण तेव्हा तिथं गवत आणि पाणी टिकून असतं. डिसेंबर ते मार्च ते दक्षिणेला न्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळी पिल्लं जन्माला येतात. एकदम इतकी, की सिंह, तरस आणि चित्ते कितीही टपले तरी बहुसंख्य पिल्लं त्यांच्या तावडीतून सुटतात. काही मिनिटांत पिल्लू उभं राहतं आणि आईच्या मागे पळू लागतं. मला कुणी एकच महिना निवडायला सांगितला तर मी डोळे मिटून फेब्रुवारी सांगेन.

माराही बाकीच्या काळात रिकामं नसतं. सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडे, चित्ते तिथले कायमचे रहिवासी आहेत, ते कुठं जात नाहीत. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो, गवत उंच वाढतं, आणि विदर्भ-मराठवाड्यात असते तशा काळ्या कापसाच्या जमिनीत गाड्या रुततात. मुलांच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ते धरूनच चालावं. पण जानेवारी-फेब्रुवारीला यातली कुठलीच अडचण नसते. 2024 पासून परदेशी प्रौढांसाठी माराचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आहे आणि जुलै ते डिसेंबर 200. म्हणजे हा सल्ला माणसाला दुप्पट पैसे भरायला लावून सगळ्यात जास्त गर्दीत नेऊन उभं करतो.

नदी ओलांडण्याला तर वेळापत्रकच नाही. कळप काठावर तासन् तास उभा राहतो आणि निमूट माघारी वळतो. ‘मगरींचा थरार’ म्हणून जे सांगितलं जातं, त्याचं खरं रूप फार मोठं आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी 6,250 विल्डबीस्ट मरतात, मुख्यतः बुडून. मगरींच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा भाग येतो. उरलेल्यावर गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे जगतात, आणि हाडांतला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षं नदीच्या पाण्यात झिरपत राहतो. दोन मिनिटांच्या व्हिडिओत यातलं काहीच येत नाही.

‘बिग फाइव्ह’बद्दल थोडक्यात. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांची आहे, पायी मारायला सर्वांत धोकादायक जनावरांची. केनियानं शिकारीवर 1977 मध्येच बंदी घातली. त्या यादीत चित्ता नाही, रानकुत्रा नाही, जिराफ नाही. मारात गेंडे मोजकेच आहेत, त्यामुळे यादी भरायच्या हट्टापायी अख्खी सकाळ गाडी पळवण्यात जाते आणि वाटेत दिसलेल्या डझनभर गोष्टींपाशी कुणी थांबत नाही. गेंडाच पाहायचा असेल तर केनियातल्याच लेक नाकुरू उद्यानात जावं.

आता डॉलर दाखवण्याचं. यावर मला खरा राग येतो. मारात एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, ठरलेलं किमान अंतर, रस्ता सोडायचा नाही, असे नियम आहेत. ते मोडायला लावणारा पर्यटक परत घरी जातो, दंड मात्र ड्रायव्हरला बसतो. टिपेवर त्याचं घर चालतं, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं त्याला किती अवघड जात असेल याचा विचार करा.

आणि ‘सवय असते’ म्हणजे काय? प्राणी पळून जात नाही, इतकंच. मारातल्या चित्त्यांच्या 2018 सालच्या अभ्यासात असं आढळलं, की जिथं पर्यटकांची वर्दळ कमी, तिथं एका मादीची दर वेताला सरासरी 2.3 पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथं वर्दळ जास्त, तिथं 0.2. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमकी आपल्या गाड्या फिरत असतात तेव्हाच. शिकार हुकली की पिल्लं उपाशी, आणि गाड्यांचा घोळका दुरून दिसला की तरसांनाही पत्ता लागतो. छायाचित्रात ती मादी शांत बसलेली दिसते, म्हणून आपण समजतो की तिचं काही बिघडलेलं नाही.

हे दूरच्या देशातलं म्हणून सोडून देता येत नाही. 31 डिसेंबर 2024 ला आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. आपलेच लोक तीच घाई घेऊन नैरोबीला उतरतात.

शेवटचा दावा सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत खोटा: माणसाचा हात न लागलेला निसर्ग. नारोक, म्हणजे मारा ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) आहे तिथंच, संशोधकांना प्राचीन गुराख्यांच्या वस्त्यांच्या जागा सापडल्या, काही साडेतीन हजार वर्षांहून जुन्या. तिथं साचलेल्या शेणामुळे ते तुकडे आजही सुपीक आहेत आणि रानटी जनावरं तिथं चरायला येतात. विल्डबीस्टची आजची संख्याही माणसाच्या हस्तक्षेपानं झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरांबरोबर आलेल्या बुळकांडी या साथीच्या रोगानं पूर्व आफ्रिकेतली गुरं, रानम्हशी आणि विल्डबीस्ट झोडपून काढले. गुरांना लस टोचायला लागल्यावर रानातला रोगही हटला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. गवत खाल्लं गेलं, वणवे कमी झाले, झाडं वाढली. ज्याला आपण अस्सल आफ्रिका म्हणतो, त्या देखाव्यात लस टोचणाऱ्या पशुवैद्याचाही वाटा आहे.

आणि मसाईंचाही, म्हणजे इथल्या गुराखी समाजाचाही. ‘निर्मनुष्य’ सेरेंगेटी निर्मनुष्य दिसतं, कारण 1959 मध्ये मसाईंना तिथून हलवून शेजारच्या न्गोरोंगोरोत पाठवलं गेलं. केनियाच्या बाजूला उलटा अनुभव आहे. माराच्या उत्तरेकडच्या लोइटा मैदानांवर गव्हाची शेती पसरली आणि तिथल्या विल्डबीस्टची संख्या 1977 ते 1997 या वीस वर्षांत सुमारे 1,19,000 वरून 22,000 वर आली. ती जमीन कुठल्याही उद्यानात नव्हती. आज नाबोइशो, मारा नॉर्थ अशा कन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे खासगी जमिनींवरच्या राखीव क्षेत्रांत, मसाई जमीनमालक आपल्या जमिनी भाड्यानं देतात, गुरं ठरवून चारतात, कुंपणं घालत नाहीत, आणि तिथं पर्यटकांच्या गाड्याही मोजक्याच सोडतात. राहायला तिथं जास्त खर्च येतो, पण त्यातला एक भाग भाड्याच्या रूपानं त्या कुटुंबांना मिळतो. सहल ठरवताना कंपनीकडे निदान दोन रात्री तिथं मागून घ्या, आणि ड्रायव्हरला पहिल्याच सकाळी सांगून टाका, की नियम पाळलेस तरी टिप पूर्ण मिळेल.