‘स्कूटला आता तरी विका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नाही, म्हणून इथे, नोव्हेंबर 2025 मध्ये, सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने 2023 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या स्कूट हेंडरसनला दोन हंगामांत सुरुवातीच्या पाचांतली जागा पक्की करता आली नाही. त्याच्या मागोमाग चौथा गेलेला ॲमेन थॉम्पसन कुठल्या कुठे पोचला. आता संघाचा जुना तारा डेमियन लिलार्ड परत आलाय, अनुभवी गार्ड जरू हॉलिडे आलाय, म्हणजे स्कूटला जागाच उरली नाही. तेव्हा बाजारात थोडीफार किंमत आहे तोवर त्याचा ट्रेड करून (दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून) मोकळं व्हावं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, की मी चाहता म्हणून लिहितो आणि आकडे सोयीने लपवतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला लागला आणि त्यात तथ्य आहे. मागच्या लेखात मी दुसऱ्या वर्षाचे आकडे दिले, पहिल्या वर्षाचे टाळले. तसं करायला नको होतं. तर 2023-24 मध्ये 62 सामने, सरासरी 14 गुण, 5.4 असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने गुण केले असे पास) आणि 3.4 टर्नओव्हर (समोरच्यांना गमावलेले चेंडू). नेम 38.5 टक्के, थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) 32.5 टक्के. हे आकडे वाईट आहेत आणि त्यांना दुसरा शब्द नाही. 2024-25 मध्ये 66 सामने, पण त्यांतले सुरुवातीपासून फक्त 10. सरासरी 12.7 गुण, 5.1 असिस्ट, नेम 41.9 टक्के, थ्री 35.4 टक्के. मिनिटं थोडी घटली, नेम सुधारला. पण तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या मुलाकडून जी झेप अपेक्षित होती ती दिसली नाही. इथवर आपलं दोघांचं एकमत आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. तुम्ही या आकड्यांवरून ‘हा मुलगा एवढाच’ असा निकाल काढता. मला वाटतं, पोर्टलंडने तो काय आहे हे शोधण्याचं कामच अजून पूर्ण केलेलं नाही, आणि ते न करता त्याला विकणं म्हणजे आढीतला आंबा कच्चाच आहे म्हणून फेकून देणं.

2023 चा तो उन्हाळा आठवा. ड्राफ्टच्या वेळी पोर्टलंडसमोर प्रश्न होता, की तिसरा क्रमांक देऊन लिलार्डच्या जोडीला एखादा मुरलेला खेळाडू आणायचा की स्कूटला घ्यायचं. संघाने स्कूटला घेतलं. 1 जुलैला लिलार्डने ट्रेड मागितला आणि सप्टेंबरअखेर तो मिलवॉकीला गेला. अकरा वर्षं ज्याच्या नावावर ते शहर जगलं, त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा उभा राहिला. पहिल्याच सामन्यात सहकारी गार्ड अँफर्नी सायमन्सचा अंगठा दुखावला आणि तो डिसेंबरपर्यंत बाहेर बसला. थोड्याच दिवसांत स्कूटचा स्वतःचा घोटा मुरगळला. शेडन शार्प जेमतेम 32 सामने खेळला, रॉबर्ट विल्यम्स तर सहाच. त्या वर्षी ओक्लाहोमात आपण 62 गुणांनी हरलो आणि मायामीत 60 गुणांनी. हंगामाअखेर 21 विजय, 61 पराभव. पॉइंट गार्डचं काम चार जणांना योग्य जागी चेंडू पोचवण्याचं. ते चार जणच दर आठवड्याला बदलत असतील तर असिस्टचा आकडा नेमकं काय मोजतो?

आता खेळाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सेंटर (संघातला उंच, रिंगजवळचा खेळाडू) येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो, आणि गार्ड त्याला घासून निघतो. पुढच्या दीड-दोन सेकंदांत गार्डला बरंच काही वाचायचं असतं. त्याचा स्वतःचा बचावपटू स्क्रीनच्या वरून पाठलाग करतोय की खालून वाट काढतोय? समोरचा सेंटर पुढे आला की रिंगपाशी थांबला? कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत सरकला का? सरकला असेल तर त्याच्या मागचा शूटर मोकळा आहे, पण अर्धा सेकंदच. पहिल्या वर्षी सगळ्या संघांनी स्कूटला एकच वागणूक दिली. स्क्रीनखालून जायचं, त्याला थ्री मारू द्यायचा आणि आतली वाट बंद ठेवायची. त्याची सगळी ताकद पहिल्या पावलाच्या वेगात आहे, आणि समोरचा दहा फूट मागे उभा असेल तर तो वेग वापरायचा कुठे? मग तो मारून-मुटकून आत शिरायचा, दोन उंच खेळाडूंच्या हातांखाली सापडायचा आणि लेअप (रिंगपाशी जाऊन सोडलेला शॉट) हुकायचा, नाहीतर हवेत असताना पास शोधत चेंडू घालवायचा. ते 3.4 टर्नओव्हर आणि 38.5 टक्के नेम बऱ्याच अंशी इथून आले.

म्हणून दुसऱ्या वर्षीचे 35.4 टक्के मला महत्त्वाचे वाटतात. त्याने तो आकडा टिकवला तर बचावपटूला स्क्रीनच्या वरून यावं लागेल. तो वरून आला की पाठीमागे पडला, आणि तिथून पुढे स्कूट आणि रिंग यांच्यात एकच माणूस उरतो. जानेवारी 2025 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्याने 39 गुण केले तो सामना पुन्हा पाहा. सामना आपण हरलो. पण बाहेरून थ्री पडू लागले की समोरचा बचाव कसा पुढे सरकतो आणि आतली दारं कशी उघडतात, ते त्यात स्पष्ट दिसतं. या सुधारणेचं फळ तिसऱ्या वर्षी दिसायचं होतं आणि नेमकं सप्टेंबर 2025 मध्ये सरावात डाव्या पायाचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटला. आज नोव्हेंबर 2025 उजाडलाय आणि तो अजून कोर्टवर नाही. तुम्ही म्हणता दोन वर्षं पुरेशी होती. मी म्हणतो, ज्या वर्षासाठी ही दोन वर्षं सोसली ते वर्ष सुरूच झालेलं नाही.

रिंगजवळचा नेम मात्र मलाही खटकतो. एवढ्या ताकदीच्या गार्डने तिथे एवढे चेंडू वाया घालवू नयेत. त्याचा डावा हात कच्चा आहे आणि उडी मारायच्या आधी तो थांबत नाही. यात सुधारणा झाली नाही तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडेल, हे मान्य.

थॉम्पसनबद्दल वाद घालणार नाही. 2025 मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेला आणि ती निवड योग्यच होती. आज पुन्हा ड्राफ्ट झाला तर तो स्कूटच्या आधी जाईल. पण त्याला ह्यूस्टनने कसं वाढवलं तेही पाहा. 2023 च्याच उन्हाळ्यात त्यांनी फ्रेड व्हॅनव्ह्लीटला आणलं. संघ चालवण्याची जबाबदारी त्याच्याकडे गेली आणि थॉम्पसनला बचाव करायला, धावायला, चेंडूशिवाय रिंगकडे कट मारायला मोकळीक मिळाली. यंदा व्हॅनव्ह्लीटचा गुडघा गेल्यावर तिसऱ्या वर्षी थॉम्पसनच्या हातात चेंडू दिला जातोय. स्कूटच्या वाट्याला उलटा क्रम आला. पहिल्या वर्षी सगळा भार आणि दुसऱ्या वर्षी बेंच.

इथे मला डी'ॲरन फॉक्स आठवतो. ऑक्टोबर 2019 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन सराव सामने खेळले तेव्हा फॉक्स किंग्जबरोबर आला होता. तुमच्यापैकी काहींनी ते सामने पाहिलेही असतील. पहिल्या वर्षी त्याची सरासरी 11.6 गुण, 4.4 असिस्ट आणि थ्री 30.7 टक्के. स्कूटपेक्षा फार वेगळे आकडे नाहीत. दुसऱ्या वर्षी चेंडू त्याच्याच हातात ठेवून संघाने वेगवान खेळ स्वीकारला आणि तो 17.3 गुण, 7.3 असिस्टवर गेला. सगळ्यांचं तसंच होतं असा माझा दावा नाही. 2017 मध्ये फॉक्सच्या आधी, पहिल्या क्रमांकावर गेलेला मार्केल फुल्ट्झ फिलाडेल्फियासाठी 33 सामनेच खेळू शकला. पण फॉक्सच्या बाबतीत सॅक्रामेंटोला दुसऱ्या वर्षाअखेर उत्तर मिळालं होतं. पोर्टलंडला ते मिळालेलं नाही, कारण प्रश्न नीट विचारलाच गेला नाही.

मी शाळेत गार्ड खेळायचो, सिमेंटच्या कोर्टवर. आमचे सर एक पास चुकला की लगेच बाहेर बोलवायचे. महिन्याभरात मी अवघड पास द्यायचंच सोडलं. बाजूला सोपा पास टाकायचा आणि मागे फिरायचं. टर्नओव्हर जवळजवळ शून्यावर आले आणि संघाला माझा उपयोगही तेवढाच उरला. गेल्या वर्षी बेंचवरून आलेला स्कूट काही सामन्यांत तसं खेळताना दिसला तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. त्याच्या हातात तो अवघड पास आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये नेवाडातल्या प्रदर्शनी सामन्यात, 2023 च्याच ड्राफ्टमध्ये पुढे पहिला गेलेल्या विक्टर वेम्बन्यामाच्या संघाविरुद्ध त्याने 28 गुण, 9 असिस्ट केले आणि सामना जिंकला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

जागेच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. लिलार्डची टाच एप्रिल 2025 मध्ये गेली, तो 2025-26 च्या हंगामात खेळणारच नाही. सायमन्स बॉस्टनला गेला, त्याच्या बदल्यात पस्तिशीचा हॉलिडे आला. म्हणजे यंदा मिनिटं आहेतच. पुढच्या वर्षी लिलार्ड छत्तिशीचा असेल. आणि वयाचंच बोलायचं तर लिलार्ड एकविसाव्या वर्षी अजून वेबर स्टेट कॉलेजात खेळत होता. एकविसाव्या वर्षी स्कूटच्या गाठीशी लीगमधले दोन हंगाम आहेत. या दोघांच्या शेजारी बसून शिकायला मिळणं मी नुकसान मानत नाही.

विकण्याबद्दल मात्र पोर्टलंडच्या चाहत्याने जरा जपून बोलावं. 1996 मध्ये आपण जर्मेन ओ'नीलला सतराव्या क्रमांकावर घेतलं, चार वर्षं बेंचवर ठेवलं आणि 2000 मध्ये इंडियानाला देऊन टाकलं. तिथे तो सहा वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गणला गेला. सीजे मॅकॉलमला मात्र आपण धरून ठेवलं. पहिल्या वर्षी 5.3, दुसऱ्या वर्षी 6.8 आणि तिसऱ्या वर्षी, जागा रिकामी झाल्यावर, 20.8 गुण. आणि चॉन्सी बिलप्स? ऑक्टोबर 2025 मधल्या अटकेनंतर आपला हा प्रशिक्षक रजेवर गेला, त्याच्या जागी टियागो स्प्लिटर संघ सांभाळू लागला आणि त्या आरोपांचं काय ते न्यायालय ठरवील. मी खेळाडू बिलप्सबद्दल बोलतोय. 1997 मध्ये तोही तिसऱ्याच क्रमांकावर गेला. बॉस्टनने 51 सामन्यांत त्याला टोरंटोला धाडलं. पुढे डेन्व्हर, मिनेसोटा असं फिरत तो 2002 मध्ये डेट्रॉइटला पोचला आणि 2004 च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आधीच्या संघांना तो मिळाला होता, त्यांच्याकडे वेळ नव्हता.

शिवाय आज विकून मिळणार काय? जखमी, सिद्ध न झालेला आणि ज्याचा संघ स्वतःच साशंक आहे असा गार्ड कोण भाव देऊन घेईल? 2026 च्या उन्हाळ्यात त्याचा करार वाढवायची मुभा मिळेल. तेव्हा रक्कम पटली नाही तर संघाने सही करू नये, यावर मी ठाम आहे. 2027 मध्ये तो मर्यादित मुक्त खेळाडू होईल, दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम पोर्टलंडला तेवढीच देऊन त्याला राखता येईल. ही सोय हातात असताना घाई कशाची?

कुठला ट्रेड मला चालेल, असं तुम्ही विचारलंय. आपल्याच डेनी अवदिया आणि टुमानी कमारा यांच्या वयाचा, सुरुवातीच्या पाचांत दोन्ही टोकांना खेळणारा माणूस समोरून आला तर मी ऐकून घेईन. विशीतल्या क्रमांकाचा ड्राफ्ट हक्क आणि एखाद्या म्हाताऱ्या खेळाडूचा करार यांसाठी नाही. 5 नोव्हेंबर 2025 ला याच संघाने मोठी पिछाडी भरून ओक्लाहोमाला हंगामातला पहिला पराभव दाखवला, 121-119. दोन वर्षांपूर्वी 62 गुणांनी हरवणाऱ्या संघाला! स्कूटला जर कधी नीट चार जण मिळणार असतील तर ते आत्ता.

तो परतल्यावरचे पहिले पंधरा सामने मी वही घेऊन बघणार आहे. बचावपटू स्क्रीनखालून किती वेळा जातो, तसं झाल्यावर स्कूट न थांबता थ्री मारतो का, रिंगजवळ किती हुकतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाच्या हातात असतो, एवढ्याच नोंदी. त्या इथे सगळ्या टाकीन, तुमच्या बाजूच्याही. तुम्हीही बघा. पोर्टलंडचे घरचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे बहुतेक सकाळी साडेआठला सुरू होतात.