बिग मनी संपलेलं नाही, हे मान्य! पण समोर कोण बसलंय तेही बघा

तुमची कमेंट दोनदा नीट वाचली, आणि उत्तर लांबतंय म्हणून वेगळंच टाकतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी डोमिनियन या पत्त्यांच्या खेळावरच्या लेखात (यात पत्ते विकत घेत आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, बांधायचा) "एक्सपान्शन आलं की बिग मनी संपतं" असं लिहिलं (एक्सपान्शन म्हणजे मूळ खेळात मिसळायचे जास्तीचे पत्ते, बिग मनी म्हणजे नुसते पैशांचे पत्ते घेत खेळणं), पण तुमच्या ग्रुपमध्ये बेस गेम (मूळ खेळ) असो की प्रॉस्पेरिटी हे एक्सपान्शन मिसळलेलं असो, गुपचूप सिल्व्हर-गोल्ड घेत बसणाराच जिंकतो. वर तुम्ही असंही म्हणालात की अनुभवी खेळाडू म्हणजे कॉम्बो पाठ केलेली माणसं, बाकी सगळं पत्ते पिसताना ठरतं.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य चुकीचं होतं, मूळ लेखात बदलतोय. पण तुमच्या टेबलावर जे होतंय त्याचं कारण मला वेगळं दिसतं.

बेस गेमचं साधं गणित बघा. सुरुवातीला ७ कॉपर (प्रत्येकी १ नाणं) आणि ३ इस्टेट (नुसते गुणांचे पत्ते), म्हणजे १० पत्त्यांत ७ नाणी, सरासरी ०.७. जिंकायला लागणारा गुणांचा पत्ता, प्रॉव्हिन्स, ८ नाण्यांना मिळतो आणि हातात ५ पत्ते येतात, म्हणजे पत्त्यामागे सरासरी १.६ हवी. सिल्व्हर २ देतं, गोल्ड ३ देतं, त्यामुळे नुसतं विकत घेत गेलं तरी डेक हळूहळू तिथे पोचतोच, आणि मध्ये एखादी स्मिदी (जास्तीचे पत्ते ओढून देणारा पत्ता) टाकली तर बऱ्यापैकी लवकर पोचतो. यात चूक करायला जागाच नाही, आणि हीच बिग मनीची खरी ताकद आहे. इंजिन (एकमेकांच्या जोरावर चालणाऱ्या पत्त्यांचा डेक) बांधताना मात्र दहा ठिकाणी चुकता येतं.

त्यात अजून एक गोष्ट, जी मी लेखात लिहायलाच हवी होती. इंजिनने १६ नाणी काढली पण जास्तीचा बाय (अजून एक खरेदी) नसेल तर त्या टर्नला एकच प्रॉव्हिन्स मिळणार, मग एवढी धडपड करून बिग मनीवाल्यापेक्षा जास्त काय मिळवलं? बेस गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत २६ किंग्डम पत्त्यांपैकी (दर डावाला यातले १० मांडतात) तीनच जास्तीचा बाय देतात, मार्केट, फेस्टिव्हल आणि कौन्सिल रूम. १० पत्ते रँडम काढले तर साधारण पाचातल्या एका डावात यातला एकही येत नाही. अशा डावात बिग मनी जिंकलं तर त्यात नवल काहीच नाही, मी स्वतःही तिथे तेच खेळतो.

आता खेळाडूच्या कसबाबद्दल, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. मध्ये आम्ही तिघं खेळलो, त्यातला एक मित्र अगदी नवीन. आम्ही दोघांनी सुरुवातीला चॅपल (हातातले नको असलेले पत्ते ट्रॅश करणारा, म्हणजे डेकमधून कायमचे काढणारा पत्ता) आणि सिल्व्हर घेतलं, तिसरा स्मिदी घेऊन बिग मनी खेळत होता. योगायोगाने तिसऱ्या टर्नला आम्हा दोघांचाही हात सारखाच आला: चॅपल, २ इस्टेट, २ कॉपर. मी चारही पत्ते ट्रॅश केले, काहीच विकत घेतलं नाही. मित्राने फक्त इस्टेट टाकल्या, म्हणाला पैसे कसे फेकायचे, आणि त्या दोन कॉपरचा मोट नावाचा एक पत्ता घेतला. माझ्याकडे ८ पत्ते उरले, त्याच्याकडे ११. पुढच्याच टर्नला मला सिल्व्हर, ३ कॉपर आणि एक इस्टेट आली, बरोबर ५ नाणी, लॅबोरेटरी (पत्ते ओढून देणारा पत्ता) घेतली, आणि डेक इतका बारीक होता की ती सारखी हातात यायला लागली. मित्राचे सातही कॉपर शेवटपर्यंत डेकमध्ये फिरत राहिले. तो डाव मी जिंकलो, बिग मनीवाला दुसरा, मित्र तिसरा. म्हणजे एकच चॅपल एकाच टेबलावर बिग मनीला हरवूनही गेलं आणि बिग मनीकडून हरलंही. मग "चॅपल भारी की बिग मनी भारी" याला उत्तर काय देणार? चॅपल कोणाच्या हातात आहे ते आधी सांगावं लागतं.

जुन्या बेस गेममधला थीफ आठवतोय का? समोरच्याचे वरचे दोन पत्ते उघडायचे, त्यातला एक ट्रेझर (पैशांचा पत्ता) ट्रॅश करायचा, हवा तर आपण घ्यायचा. नवीन माणसांना तो फार भयंकर वाटतो. पण समोरच्याच्या डेकमध्ये कॉपर भरलेले असतील तर तुम्ही फुकटात त्याची साफसफाई करून देताय! आणि समोरच्याने आधीच कॉपर काढून टाकून चारदोन गोल्डवर डेक चालवला असेल तर तोच थीफ त्याचं कंबरडं मोडतो. पत्ता तोच, पण समोरचा किती चांगला खेळतो त्यावर त्याची किंमत बदलते. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो काढला, सोबत अजून पाच पत्ते गेले आणि सात नवीन आले. पत्त्याची अशी बदलती किंमत ओळखणं पाठांतराने कसं जमेल सांगा, निदान मला तरी जमलेलं नाही, दर डावाला ते दहा पत्ते परत नव्याने वाचावेच लागतात.

आता प्रॉस्पेरिटी. तुम्हाला एक विचारायचंय, तुम्ही कॉलनी (प्रॉव्हिन्सच्या वरचा गुणांचा पत्ता) आणि प्लॅटिनम (गोल्डच्या वरचा पैशांचा पत्ता) मांडता का, की फक्त त्यातले दोनचार किंग्डम पत्ते मिसळता? कारण फरक तिथेच पडतो. कॉलनी ११ ला आहे, म्हणजे सरासरी २.२ लागते, आणि सिल्व्हर तर २ च देतं, म्हणजे ज्या सिल्व्हरवर बिग मनी उभं आहे तेच आता सरासरी खाली ओढतं. डाव लांबतो, आणि लांबलेल्या डावात इंजिनला उभं राहायला वेळ मिळतो. कॉलनी न मांडता खेळलात तर डाव प्रॉव्हिन्सवरच संपणार, म्हणजे बिग मनीसाठी शर्यतीचं अंतर तेवढंच राहतं, मग तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा येणारच. एक्सपान्शनने पर्याय वाढतात, तीन-चार गोष्टी एकत्र जुळायची शक्यता वाढते, पण त्या जुळवायला कोणीतरी बसलेलं लागतं ना. ॲडव्हेंचर्समधले इव्हेंट असोत की डार्क एजेसमध्ये सुरुवातीच्या इस्टेटच्या जागी येणारी शेल्टर्स, ज्याला बेस गेममध्येच कॉपर टाकवत नाहीत त्याच्यासाठी ती नुसती गर्दी आहे, त्यामुळे "एक्सपान्शनने काही बदललं नाही" हे तुमच्या टेबलापुरतं खरंच असणार, ते मी नाकारत नाही.

उलटी बाजूही आहे. इंजिनवाले रमतात, सात व्हिलेज (जास्तीच्या चाली देणारे पत्ते) गोळा करतात, आणि तेवढ्यात कोणीतरी वर्कशॉप या पत्त्याने फुकटात गार्डन्स हे गुणांचे पत्ते उचलत वर्कशॉप, गार्डन्स, इस्टेट असे तीन ढीग संपवून डाव बंद करतं. मी असा हरलोय, हातात अजून एकही प्रॉव्हिन्स नसताना, आणि त्यानंतर ढीग मोजायची सवय लागली.

तुम्ही शेवटी विचारलंत की पुढचं कुठलं एक्सपान्शन घ्यावं. माझं मत, आत्ता कुठलंच नको. आहे त्यातलेच दहा पत्ते ठरवा ज्यात चॅपल, लॅबोरेटरी, व्हिलेज, स्मिदी आणि मार्केट असेल, आणि तेच दहा सलग चार डाव खेळा. दर डावाला बिग मनी वेगळ्या माणसाने खेळायचं, बाकीच्यांनी कॉपर न घाबरता ट्रॅश करायचे. चौथ्या डावातही बिग मनीच जिंकलं तर मला कळवा, कोणी कुठल्या टर्नला काय घेतलं ते लिहून ठेवलंत तर अजून चांगलं, मला खरंच बघायचंय.