मशीन म्हणते, अंगठा तुमचाच आहे

माझी मोठी माय, म्हणजे बाबांची थोरली वहिनी, सत्तरीच्या पुढची. दारव्हा तालुक्यात आमचं गाव. दिवाळीनंतर एक दिवस ती पासबुक घेऊन आली आणि म्हणाली, “बापू, पाह्य बरं, निराधारचे पैशे जमा झाले का?”

जमा झाले होते आणि निघालेही होते. एकाच तारखेला दोनदा, एकदा १५०० आणि एकदा ३०००. ती तारीख तिला पक्की आठवत होती, कारण त्या दिवशी आमच्या वावरात सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा होती. पूजा उरकून ती गावातल्या पैसे काढायच्या पॉइंटवर गेली. चार वेळा अंगठा लावला. दर वेळी ऐकलं, लिंक नाही, बोट घेत नाही, पुन्हा लावा. शेवटी, “आज होत नाही, चार दिवसांनी या.” ती रिकाम्या हाताने परत आली.

पैसे निघाल्याचा मेसेज गेला असेल तर तो खात्याला जोडलेल्या जुन्या नंबरवर. तो नंबर तीन वर्षांपासून बंद आहे.

आम्ही बँकेत गेलो. शाखा १४ किलोमीटरवर. तिथे उत्तर मिळालं, “व्यवहार अंगठ्याने झालेला आहे. मशीन म्हणते, अंगठा तुमचाच आहे.” मोठी माय माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “अंगठा तं माहाच आहे ना बापू. मी कोठी नाही म्हणतो?”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि वावरं गमावली. पण तो कागद निदान दिसत तरी होता. कोर्टात नेता येत होता, शाई कधीची हे विचारता येत होतं. इथे मोठ्या मायने अंगठा कशावर ठेवला हे तिला कधी दिसलंच नाही. स्क्रीन समोरच्या माणसाकडे, रक्कम त्याने टाकलेली, पावती नाही.

ही पद्धत कशी चालते ते गावात फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून लिहितो. आधारवर पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, १२ आकडी आधार नंबर आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. एटीएम कार्ड हरवलं तर बंद करून दुसरं मिळतं, पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही.

आणि ठसा चोरायला बोट लागतंच असंही नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला लागून असलेल्या तेलंगणात २०१८ साली एक प्रकरण उघडकीस आलं. जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतले गेले होते, आणि रबरी शिक्के करायच्या यंत्रावर त्यांचे नकली ठसे बनवून सिमकार्डं सुरू केली जात होती. आपल्याकडे खरेदीखतावर अंगठा कोण करतं, ते वेगळं सांगायला नको.

आता बोटांबद्दल. ज्याने कापूस वेचला आहे त्याला हे माहीत आहे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांची पेरं ओरबाडली जातात, थंडीत त्यांना भेगा पडतात. चाळीस-पन्नास वर्षं वेचणी, निंदण आणि चूल केलेल्या बाईच्या बोटावर रेषा उरतात किती? म्हणून कंट्रोलमध्येही, म्हणजे रेशन दुकानात, तिला तीन-तीनदा, पाच-पाचदा अंगठा लावावा लागतो. बोट पुसून लाव, धुऊन लाव, दुसरं लाव. ही सवय आपल्या सगळ्या बायाबापड्यांना लागली आहे. “पुन्हा लावा” म्हटलं की काहून म्हणून कोणी विचारत नाही. आणि फसवणाऱ्याला नेमकी हीच सवय हवी असते. पहिल्या ठशात पैसे निघतात, बाईला वाटतं बोट उमटलं नाही, ती दुसऱ्यांदा ठेवते. जिने जास्त काम केलं तिची बोटं जास्त झिजली, आणि जिची बोटं झिजली तीच जास्त लुटली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

शहरातले मित्र सांगतात, बायोमेट्रिक लॉक कर. हो, सोय आहे. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा अ‍ॅपवरून ठसे कुलूपबंद करता येतात आणि त्यानंतर त्या ठशांवर पैसे निघत नाहीत. मी माझे केले आहेत. पण त्याला आधारशी जोडलेला मोबाईल लागतो. मोठ्या मायच्या आधारला जोडलेला नंबर तोच, बंद पडलेला. नवा जोडायला तालुक्याला जा, रांगेत थांबा, तिथे परत बोट उमटलं पाहिजे. बरं, लॉक केलंच तर दर महिन्याला कंट्रोलमध्ये धान्य घेताना ठसा चालणार नाही. म्हणजे दुकानात उभं राहून मोबाईलवरून थोड्या वेळापुरतं कुलूप उघडायचं. सत्तरीच्या, साधा मोबाईलही न वापरणाऱ्या बाईने. खात्यातले पैसे राखायचे असतील तर धान्याला अडचण, आणि धान्य हवं असेल तर खातं उघडं. तिने काय निवडावं?

आधारचा पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. खोटी नावं जावीत, गरिबाचा पैसा मधल्यामधे खाल्ला जाऊ नये, हा हेतू मला मान्य होता आणि आजही आहे. निराधारचे पैसे थेट खात्यात येतात, हे मी नाकारत नाही. पण खात्यापासून म्हातारीच्या हातापर्यंतचा जो शेवटचा टप्पा आहे, तिथे पुन्हा मधला माणूस बसला आणि त्याच्या हाती आता तिचा अंगठाच आला.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१६ च्या आधार कायद्यातही कोणाचा आधार नंबर जाहीर करायला मनाई आहे. तरी त्याच २०१७ सालात दोनशेच्या वर सरकारी संकेतस्थळांवर लोकांची नावं आधार नंबरांसकट उघडी सापडली होती. आमच्याकडे तर मागच्या उन्हाळ्यात आठवडी बाजारात मला फुटाणे मिळाले ते कोणाच्या तरी आधारच्या झेरॉक्सच्या पुडीत. शेतकरी ओळख क्रमांकाच्या शिबिरात माणसं भरल्या ओसरीत ओटीपी मोठ्याने ओरडून सांगत होती. लाडकी बहीणच्या केवायसीला बायांनी स्वतःचा आणि नवऱ्याचा असे दोन्ही आधार नंबर कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये टाकून घेतले. त्यांचा दोष नाही. हप्ता थांबेल म्हटल्यावर माणूस समोर येईल त्याच्या हातात कागद देतो.

मला एवढंच म्हणायचं आहे की कुलूप लावायची जबाबदारी मोठ्या मायवर टाकू नका. अंगठ्याने पैसे काढायची सोय ज्याने मागितली त्याच्याच खात्यावर चालू असावी, सगळ्यांच्या नाही. मशीनने रक्कम मराठीत मोठ्याने बोलून दाखवावी, मगच ठसा घ्यावा. प्रत्येक ठशाची छापील पावती मिळावी, व्यवहार फसला तरी. आणि “अंगठा तुमचाच आहे” हे उत्तर बंद व्हावं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की अशा व्यवहारात चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. आमच्या तक्रारअर्जात मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन करून नोंदही केली. दोन महिने झाले. ४५०० रुपये अजून आलेले नाहीत.

येत्या रविवारी सकाळी ९ पासून मी मारुतीच्या पारावर बसणार आहे. ज्यांचा मोबाईल आधारला जोडलेला आहे त्यांनी तो घेऊन या, मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठे कुठे वापरला गेला ते पाहता येतं. ज्यांना कोणता नंबर जोडला आहे हेच ठाऊक नाही त्यांनीही या, त्याचे शेवटचे तीन आकडे सापडतात. पासबुक छापून आणा. झेरॉक्स आणू नका, मला कोणाचीच नको आहे. मोठी माय येते म्हणाली आहे, शेजारच्या चौघींना घेऊन.