खवल्यांवरून विष ओळखता येत नाही

पाऊस सुरू झाला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो : टोपी गुळगुळीत, पांढरी आणि साल सहज सुटणारी असेल तर ती अळंबी खुशाल खावी, टोपीवर खवले किंवा देठावर कडे असेल तर ती विषारी समजावी. सातपुड्याच्या पायथ्याशी रानातली अळंबी आजही घरोघरी शिजते, म्हणून या संदेशाचा प्रतिवाद करणे मला गरजेचे वाटते.

गुळगुळीतपणाचा नियम सर्वांत घातक आहे. युरोपात अनेकांचे प्राण घेणाऱ्या अमानिटा फॅलॉइडिस या विषारी अळंबीची टोपी गुळगुळीत असते आणि सालही सहज सोलली जाते. तिचे विष शिजवून नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब बहुधा ६ तासांनंतर सुरू होतात, मग काही काळ बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते.

खवल्यांबाबत तर संदेशाने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या आहेत. टोपी वाढताना वरची साल फाटून झालेले खवले टोपीला घट्ट असतात. अमानिटा गटातल्या अनेक जातींवर दिसणारे पांढरे फोड मात्र कोवळ्या अळंबीला झाकणाऱ्या आवरणाचे तुकडे असतात, ते नखाने निघतात आणि जोराच्या पावसात धुऊनही जातात, त्यामुळे काल खडबडीत दिसलेली विषारी अळंबी आज गुळगुळीत दिसू शकते. शिवाय शिताके या खाद्य अळंबीच्या टोपीवर खवले असूनही ती आवडीने खाल्ली जाते, तर गवतात उगवणारी, तपकिरी खवल्यांची क्लोरोफिलम मोलिब्डायटिस पोट बिघडवते. पिकल्यावर तिच्या टोपीखालच्या पट्ट्या हिरवट होतात, ही तिची खूण वरून पाहणाऱ्याला दिसतच नाही.

कड्याचा नियम बाजारातल्या बटण मशरूमपाशीच मोडतो, कारण त्याच्याही देठावर कडे येते.

देठाच्या बुडाबद्दल संदेशात अवाक्षर नाही, हे मला विशेष खटकते. अमानिटाच्या अनेक जातींच्या बुडाशी पिशवी असते, आणि ओळखीची ही खूण अळंबी उपटताना बहुधा मातीतच राहते. वारुळावरच्या खाद्य अळंबीचा देठही मुळासारखा खोल गेलेला असतो. म्हणून वर्णन करायचे असेल तर अळंबी सुरीने खणून अखंड काढावी, आणि देठ गुळगुळीत, तंतुमय की खवलेदार, हे बुडापर्यंत पाहून लिहावे. एवढे करूनही जाणकाराने जात निश्चित केल्याशिवाय ती शिजवू नये. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर उलट्या थांबल्या तरी रुग्णालयात जावे आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.