जिवाला घोर

आमचे चिरंजीव, वय वर्षे सहा, घोरतात. म्हणजे बारीक घूं घूं नाही हां, मिक्सरमध्ये सुक्या खोबऱ्याची चटणी फिरतीये असं, आणि मधेच मिक्सर बंद, आपण अंधारात उठून बसतो, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास आणि परत चटणी चालू. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामाने ओली. सासूबाईंचं निदान : आजोबांवर गेलाय. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांचं निदान : ॲडिनॉइड्स (म्हणजे नाकामागच्या गाठी) आणि टॉन्सिल्स मोठे दिसतायत, पण ऑपरेशनचं ठरवण्याआधी एक रात्रभराची स्लीप स्टडी करून घेऊ.

चिरंजीवांनी त्यातलं फक्त 'स्टडी' ऐकलं आणि भोकाड पसरलं. झोपेत पण अभ्यास? किती मार्कांचा?

सूचनांचा एक कागद मिळाला. डोकं शांपूने धुवून आणा, तेल अजिबात नको. त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका. चहा, कोला, चॉकलेट बंद. पुढे बटणं असलेला सैल नाइट ड्रेस, रोजची उशी, आवडतं खेळणं, सोबत एक पालक. ज्याने कोणी हा कागद लिहिला त्याच्या घरी सासूबाई नसणार. "पोराच्या डोक्याला रात्रभर वायरी लावणार आणि टाळू कोरडी ठेवायची?" मी नीट समजावलं की आई, तेलावर ती पेस्ट चिकटत नाही, मेंदूचे सिग्नल नीट येत नाहीत. त्यांनी मान डोलवली आणि मी आंघोळीला गेल्यावर थेंबभर लावलं. थेंबभर म्हणजे त्यांच्या मापाने अर्धी वाटी. तीनदा शांपू केला मी, शेवटी पोरगं म्हणालं आई आता माझे केस कर्रकर्र वाजतात.

त्याआधी आठवडाभर घरी रंगीत तालीम चालू होती. नवऱ्याचे मेलेले इअरफोन, चिकटपट्टी, छातीला माझी ओढणी. आधी कापडी हत्तीला सगळं लावलं, हत्तीने फार छान सहकार्य केलं. मग मी म्हटलं, हे बघ, तू म्हणजे विक्रम लँडर, आपण तुला सेन्सर लावणार आणि मग तू स्लीप मोडमध्ये जायचं, किती मज्जा. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "पण आई, विक्रम लँडर परत उठलाच नाही ना." आता २०२३ च्या सप्टेंबरात चंद्रावर त्याला झोपवलं ते झोपवलंच, हे खरंय, पण हे याला शाळेत सांगायची काय गरज होती बाई! आतून नवरा ओरडला, "छान उदाहरण दिलंस." शेवटी साधा रोबो आणि सकाळी मस्तानी, यावर तह झाला.

दुपारभर जागं ठेवलं आणि संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात याचे डोळे मिटायला लागले. मी पाढे सुरू केले, जोरात, बे एके बे. सिग्नलला रिक्षावाले काका पण सामील झाले, त्यांना तर दीडकी पण येत होती. पोहोचेपर्यंत मुलगा टक्क जागा आणि मला ग्लानी.

टेक्निशियन ताईंनी टेपने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या. "ताई, तू माझ्या डोक्याला शर्ट शिवणार का?" मग वीसेक वायरी. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला लाल दिवा. पाऊण तास लागला आणि सगळं लावून झाल्या क्षणी "आई शू". सगळ्या वायरींचा डबा त्याच्या गळ्यात अडकवून आमची वरात बाथरूमकडे. असं तीनदा.

लाइट घालवल्यावर स्पीकरवरून ताईंचा आवाज. वर बघ, खाली बघ, पाय हलव, आता घोरण्याचा आवाज काढून दाखव. अहाहा. आजोबांचं घोरणं त्याने शेवटच्या शिट्टीसकट सादर केलं. पलीकडे ताई हसलेल्या ऐकू आल्या.

आणि मग तो झोपला. शांत. तोंड मिटून. एका कुशीवर, कॅलेंडरवरच्या बाळासारखा.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले, आवाज नाही. घरी खडखडणारी स्कूटर मेकॅनिकच्या दारात गेली की कशी सोज्वळ होते, तसं. ताईंनी सांगितलं होतं की तीस सेकंदांचं एक पान धरून रेकॉर्डिंग तपासतात, म्हणजे आठ तासांची ९६० पानं, आणि मोठ्यांचा श्वास तासाला चार वेळा अडला तरी चालवून घेतात पण मुलांचा एकाच्या वर गेला की दखल घेतात. माझ्या डोळ्यांपुढे ९६० कोरी पानं आणि डॉक्टरांचा चेहरा, की बाई तुम्हीच जरा आराम करा. दोन वर्षं मी देवाला म्हणत होते याचं घोरणं थांबव, आणि आता हॉस्पिटलच्या त्या टोचऱ्या सोफ्यावर बसून गणपतीला विनवत होते की एकदाच, फक्त आजची रात्र, दाखव यांना. नाकसुद्धा खाजवता येईना, कॅमेरा अंधारातही बघतो म्हणे.

दोन वाजून गेल्यावर तो उताणा झाला. मान मागे गेली. आणि मिक्सर लागला! मी नवऱ्याला मेसेज केला, "आलं आलं!" त्याचा लगेच रिप्लाय, "किती मोठ्याने?" म्हणजे तोही जागाच. मधला तो बंद पडण्याचा भागही झाला, तेव्हा मात्र माझा आनंद जागच्या जागी विरला, मी त्याच्या पायावर हात ठेवून बसले.

साडेपाचला उठवलं. रोबोचा पहिला प्रश्न, "मी पास?" ताई म्हणाल्या रिपोर्ट डॉक्टर बघतील, पण तू फर्स्ट क्लास घोरलास.

केसात जागोजागी वाळलेली पेस्ट, डोकं म्हणजे करवंटी. घरी दार उघडलं तर सासूबाई समोरच स्टुलावर बसलेल्या, वाटीत कोमट केलेलं तेल घेऊन.

"आता तरी लावू ना?"